पाचशे पौंडांची उचल: जॉर्ज मायकल आणि त्याचे करार

आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादम गावात येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे पगार नाही आणि बक्षीसही नाही. पुढे जो ऊस तोडायचा आहे त्याच्या मजुरीतले पैसे आजच घ्यायचे, आणि मग तोडून तोडून ते फेडायचे. फिटली तर हातात काही उरतं. नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात. ही उचल बहुतेक वेळा एकट्याला नसते, नवरा-बायकोच्या जोडीला असते. त्या जोडीला म्हणायचं एक कोयता.

१९८२ साली लंडनजवळच्या दोन पोरांनी एका रेकॉर्ड कंपनीकडून अशीच उचल घेतली. प्रत्येकी पाचशे पौंड. एकोणीस वर्षांचा अँड्र्यू रिजली आणि अजून एकोणीस पूर्ण व्हायचा असलेला जॉर्ज मायकल. त्यांच्या कोयत्याचं, म्हणजे पॉप गाणी गाणाऱ्या जोडीचं, नाव होतं 'व्हॅम!'. तुलना फार ताणण्यात अर्थ नाही, कारण या दोघांचे हात उसाच्या पाचटाने कधी कापले नाहीत आणि पुढे त्यातला एक जण गडगंज श्रीमंत झाला. पण पैशाची चाल मात्र तीच होती, आणि रेकॉर्ड कंपन्यांची ही चाल समजून घ्यायची तर माझ्या मते जॉर्ज मायकलच्या आयुष्याइतका चांगला नमुना दुसरा नाही. त्याच्याविषयी बहुतेक वेळा लिहिलं जातं ते त्याच्या केसांबद्दल, प्रेमप्रकरणांबद्दल आणि पोलिसांबद्दल. इथे जरा त्याची कागदपत्रं उघडून बघू.

त्याचं खरं नाव योर्गोस किरियाकोस पानायोतू. जन्म २५ जून १९६३, उत्तर लंडनमधल्या ईस्ट फिंचलीत. वडील सायप्रसहून आलेले ग्रीक, हॉटेलांत राबत राबत त्यांनी स्वतःचं रेस्टॉरंट उभं केलं. आई इंग्रज, तरुणपणी नर्तकी. १९७५ मध्ये हे कुटुंब हर्टफर्डशायर परगण्यात राहायला गेलं आणि बारा वर्षांचा, गुबगुबीत, जाड भिंगांचा चष्मा लावणारा हा मुलगा बुशी मीड्स नावाच्या शाळेत दाखल झाला. नव्या मुलाला सांभाळून कोण घेईल, असं शिक्षकांनी वर्गात विचारलं. हात वर केला तो अँड्र्यूने.

अँड्र्यूचे वडील इजिप्तमधून आलेले. म्हणजे दोघेही अर्धे बाहेरचे. पण एक बुजरा आणि दुसरा बिनधास्त. अँड्र्यूला कपडे कसे घालायचे, लोकांसमोर कसं उभं राहायचं हे उपजतच कळायचं, आणि जॉर्जला त्याच्यासारखं व्हायचं होतं. पुढे लोकांनी अँड्र्यूची चिकार टिंगल केली: हा करतो काय, गिटार गळ्यात अडकवून नुसता उड्या मारतो. ही टिंगल मला कायम अन्यायाची वाटत आली आहे. व्हॅमचा चेहरा, व्हॅमची मस्ती ही अँड्र्यूची होती. जॉर्जने ती अंगावर चढवली आणि मग तो ती इतक्या झोकात मिरवू लागला की मूळ मालक मागे पडला.

१९७९ साली दोघांनी मित्रांना घेऊन एक बँड काढला, तो वर्ष-दोन वर्षांत मोडला. मग राहिले दोघंच. अँड्र्यूच्या आईवडिलांच्या घरात, भाड्याने आणलेल्या छोट्या यंत्रावर, त्यांनी काही गाण्यांचे कच्चे तुकडे ध्वनिमुद्रित केले आणि त्याच्या कॅसेट घेऊन कंपन्यांच्या पायऱ्या झिजवल्या. त्या तुकड्यांत 'केअरलेस व्हिस्पर'ही होतं. ही चाल जॉर्जला सतराव्या वर्षी बसमधून जाताना सुचली होती.

शेवटी त्यांना घेतलं इनरव्हिजन नावाच्या एका नव्या, चिमुकल्या कंपनीने. तिच्यामागे पैसा होता सीबीएस या बलाढ्य कंपनीचा. पोरांना घाई होती, वकिलाची फी परवडणारी नव्हती, आणि समोर सही करायचा कागद होता.

आता हा कागद जरा नीट वाचू. रेकॉर्ड कंपनीच्या करारात तीन गोष्टी मुख्य असतात. पहिली उचल, म्हणजे ॲडव्हान्स. दुसरी रॉयल्टी, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे कलाकाराला मिळणारा टक्का. तिसरी मुदत: किती अल्बम द्यायचे आणि कुठवर बांधून राहायचं. पहिल्या दोन गोष्टींचं नातं लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. उचल रॉयल्टीतून वळती होते, आणि नुसती उचल नाही, तर स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे, बऱ्याचदा व्हिडिओचा निम्मा खर्चसुद्धा.

समजा, कंपनीने तुम्हाला दहा लाख उचल दिली, रेकॉर्डिंगवर वीस लाख घातले आणि व्हिडिओचे दहा लाख तुमच्या खात्यावर टाकले. झाले चाळीस लाख. कॅसेट शंभर रुपयांना विकली जाते आणि तुमचा टक्का आहे दहा, म्हणजे कॅसेटमागे दहा रुपये. तर चार लाख कॅसेट विकल्या जाईपर्यंत तुम्हाला पुढचा एक छदाम मिळणार नाही. तोवर बाजारात चार कोटींची उलाढाल झालेली असेल. त्यात दुकानदाराचा, कारखान्याचा वाटा आहे हे कबूल, पण तुमच्या चाळीस लाखांची परतफेड तुमच्या दहा रुपयांतूनच व्हायची, कंपनीच्या हिश्शातून नाही. आणि गंमत पुढे आहे. उचल फिटली तरी ते मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात, ते कंपनीचंच राहतं. तुम्ही तोडलात तो ऊस त्यांचा, आणि कोयताही त्यांचाच.

व्हॅमच्या करारात आणखी एक खाच होती. त्या काळी नाचायच्या क्लबांत बारा इंची रेकॉर्ड चालायची, एकाच गाण्याची लांबवलेली आवृत्ती. व्हॅमचा सगळा गिऱ्हाईकवर्ग नाचणारा. आणि नेमकी बारा इंची सिंगलवर त्यांना रॉयल्टीच नव्हती.

नोव्हेंबर १९८२ मध्ये बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' कार्यक्रमात ऐनवेळी एक जागा रिकामी झाली आणि ती व्हॅमला मिळाली. तिथून सगळं उधळलं. १९८३ च्या जुलैमध्ये पहिला अल्बम 'फँटॅस्टिक' ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर. रस्त्यात मुली अंगावर धावून येतायत, आणि खिशात मात्र आठवड्याचा खर्च भागेल एवढेच पैसे. मग त्यांनी वकील गाठला. इनरव्हिजनला नोटीस गेली की हा करार आम्ही मानत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, काही महिने नवी रेकॉर्ड निघाली नाही, मधल्या काळात कंपनीने त्यांच्या जुन्याच गाण्यांची खिचडी करून त्यांच्या मनाविरुद्ध बाजारात आणली. १९८४ मध्ये तडजोड झाली. इनरव्हिजन बाजूला झाली आणि दोघांनी थेट सीबीएसशी नवा करार केला. टक्का वाढला. ही तडजोड लक्षात असू द्या, दहा वर्षांनी ती जॉर्जला आडवी येणार आहे.

पण त्याआधी दुसरा एक कागद, जो सहसा कुणी सांगत नाही.

गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या शब्दांचं आणि चालीचं एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट आवाजात केलेलं ध्वनिमुद्रण. पहिली शेतासारखी, दुसरी त्यात आलेल्या एका पिकासारखी. 'केअरलेस व्हिस्पर' उद्या नागपूरच्या एखाद्या गायकाने नव्याने गाऊन बाजारात आणलं, तर जुन्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाला त्याचं काही मिळणार नाही. पण ज्यांनी ते रचलं, त्यांचा वाटा लागतो. रेडिओवर वाजलं, हॉटेलात वाजलं, जाहिरातीत वापरलं, तरी रचणाऱ्याचा हिस्सा वेगळा निघतो. आणि या हिश्शातून कंपनीची उचल वळती होत नाही, कारण तो हिशेबच वेगळ्या वहीत असतो.

१९८२ मध्येच या दोघांनी आपली गाणी मॉरिसन लेही या प्रकाशन कंपनीकडे स्वतंत्रपणे दिली होती. तिथल्या डिक लेहींशी जॉर्जचं चांगलं जमलं आणि ते नातं टिकलं. रेकॉर्ड कंपनीकडे पीक गेलं, पण शेताची वही तिच्या हाती लागली नाही. नशीब म्हणा किंवा कुणीतरी शहाणपणाचा सल्ला दिला म्हणा.

याच वहीत अँड्र्यूचंही नाव आहे. 'केअरलेस व्हिस्पर', 'क्लब ट्रॉपिकाना' आणि 'व्हॅम रॅप' ही तीन गाणी दोघांच्या नावावर आहेत. त्यानंतरची गाणी एकट्या जॉर्जची. दोघांत ठरलं होतं की आता लिहिणार जॉर्जच. 'वेक मी अप बिफोर यू गो-गो' हे शीर्षक अँड्र्यूने घरच्यांसाठी लिहून ठेवलेल्या चिठ्ठीवरून आलं, तिथे चुकून एक शब्द दोनदा लिहिला गेला होता. पण चिठ्ठी लिहिणं म्हणजे गाणं लिहिणं नव्हे, त्यामुळे तिथे त्याचं नाव नाही. 'केअरलेस व्हिस्पर' मात्र आजही जिथे जिथे वाजतं, तिथला वाटा अँड्र्यूपर्यंत पोहोचतो. शाळकरी वयात मित्राबरोबर बसून जुळवलेल्या काही सुरावटी माणसाला जन्मभर पोसू शकतात, ते या वहीमुळे.

त्या गाण्याची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कंपनीने जॉर्जला अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मसल शोल्सला पाठवलं, तिथे जेरी वेक्स्लर हा दिग्गज निर्माता होता, ज्याने अरीथा फ्रँकलिन या गायिकेची गाणी घडवली. रेकॉर्डिंग झालं. वीस वर्षांच्या पोराने ते ऐकलं आणि बाद केलं. लंडनला परत येऊन त्याने ते स्वतः पुन्हा बनवलं. सॅक्सोफोनवादक एकामागून एक आले आणि गेले, त्याला हवा तसा सूर लागेना. शेवटी स्टीव्ह ग्रेगरी या वादकाने तो लावला. आपल्या वाद्यवृंदांत कितीतरी सॅक्सोफोनवाल्यांनी तो तुकडा घोटून घोटून लोकांकडून 'वन्स मोअर' घेतलाय, त्या प्रत्येकाने या हट्टी पोराचे आभार मानायला हरकत नाही.

व्हॅमची पुढची दोन वर्षं झपाट्याने सांगतो. एप्रिल १९८५ मध्ये ते चीनमध्ये गायले, बीजिंगच्या कामगार क्रीडागृहात, जिथे प्रेक्षकांना उठून नाचावं की हाताची घडी घालून बसावं हेच कळेना. आणि २८ जून १९८६ रोजी वेम्बली स्टेडियमवर ७२,००० लोकांसमोर त्यांनी जोडी संपवली. भांडण नाही, कोर्ट नाही. जॉर्जला मोठ्यांसाठी गायचं होतं आणि व्हॅम ही शाळकरी मुलांची चीज होती, हे दोघांनाही कळत होतं. अँड्र्यूने नंतर थोडी मोटर रेसिंग केली, १९९० साली एक एकल अल्बम काढला, तो पडला, आणि मग तो कॉर्नवॉलच्या समुद्रकिनारी जाऊन राहिला.

जोडी सुटली तरी करार सुटत नाही. अशा करारांत सहसा कलमच असतं की बँड मोडला तर त्यातला प्रत्येक जण स्वतंत्रपणे आमच्याशीच बांधलेला राहील. जॉर्ज तसाच सीबीएसकडे राहिला आणि १९८७ मध्ये त्याने 'फेथ' दिला. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटी प्रती गेल्या आणि १९८९ च्या ग्रॅमीत तो वर्षाचा सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला. याच यशावर १९८८ मध्ये करार पुन्हा लिहिला गेला. पैसे भरघोस वाढले, आणि बंधन पंधरा वर्षांपर्यंत लांबलं, म्हणजे थेट २००३. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जपानच्या सोनीने अख्खी सीबीएस रेकॉर्ड्स दोन अब्ज डॉलरना विकत घेतली होती. कंपनी विकली जाते तेव्हा त्यातले गायकही करारासकट विकले जातात. त्यांना कुणी विचारत नाही.

मग जॉर्जला आपल्या चेहऱ्याचा कंटाळा आला. १९९० च्या 'लिसन विदाउट प्रेज्युडिस'च्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो नव्हता, कोनी आयलंडच्या किनाऱ्यावरच्या गर्दीचा एक जुना फोटो होता. 'फ्रीडम'च्या व्हिडिओत तो स्वतः दिसलाच नाही. त्याच्या जागी नाओमी कॅम्बेल, सिंडी क्रॉफर्ड आणि इतर सुपरमॉडेल ओठ हलवत होत्या, आणि 'फेथ'च्या काळातलं त्याचं लेदर जाकीट जळत होतं. व्हिडिओ गाजला. अल्बम ब्रिटनमध्ये छान खपला, पण 'फेथ'च्या मानाने अमेरिकेत फारच कमी. जॉर्जचं म्हणणं पडलं की कंपनीने मुद्दाम तो नीट विकला नाही. कंपनीचं म्हणणं, चेहरा दाखवायचा नाही तर विकायचं काय?

याच काळात त्याचं खासगी आयुष्य कोसळत होतं. १९९१ च्या जानेवारीत रिओमध्ये त्याला अन्सेल्मो फेलेप्पा भेटला. जॉर्ज समलिंगी आहे हे जगाला माहीत नव्हतं, त्यामुळे प्रेमही लपूनच आणि पुढे शोकही लपूनच. अन्सेल्मोला एड्स असल्याचं निदान झालं. एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीवर 'क्वीन' या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मृतीसाठी कार्यक्रम झाला, तिथे जॉर्जने 'समबडी टू लव्ह' गायलं. फ्रेडी, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, एड्सनेच गेला होता. ते गाणं जॉर्ज कुणासाठी गात होता हे प्रेक्षकांपैकी जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं. मार्च १९९३ मध्ये अन्सेल्मो गेला. म्हणजे ऑक्टोबर १९९२ मध्ये जॉर्जने सोनीविरुद्ध दावा लावला तेव्हा घरात काय चाललं होतं हे लक्षात घ्या.

दाव्याचा मुद्दा एका जुन्या इंग्रजी तत्त्वावर उभा होता: माणसाला त्याचा धंदा करण्यापासून अवाजवी रोखणारा करार न्यायालय मानत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २७ याच घराण्यातलं, उलट शब्दांत जास्तच कडक, मात्र करार चालू असतानाच्या बंधनांना आपली न्यायालयं सहसा हात लावत नाहीत. इंग्लंडमध्ये १९७४ साली टोनी मॅकॉले या तरुण गीतकाराचा एकतर्फी करार याच तत्त्वावर मोडीत निघाला होता. मग जॉर्ज का नाही? पंधरा वर्षांची बेडी, गाणी बाजारात आणायची की नाही हे कंपनी ठरवणार, आणि ध्वनिमुद्रणांची मालकी कायमची तिच्याकडे. जॉर्जने याला व्यावसायिक गुलामगिरी म्हटलं. थोड्याच काळाने अमेरिकेत प्रिन्स हा गायक आपल्या कंपनीशी भांडताना गालावर 'गुलाम' असा शब्द लिहून फिरत होता.

२१ जून १९९४ रोजी न्यायमूर्ती जोनाथन पार्कर यांनी निकाल दिला आणि जॉर्ज हरला.

कारणं समजून घेण्यासारखी आहेत. एक, १९८४ चा करार ही जुन्या भांडणावरची तडजोड होती. तडजोड करून भांडण मिटवलंत, तर पुढे ती तडजोडच अन्यायाची होती म्हणून परत यायचं नाही, नाहीतर तडजोडीला अर्थच उरत नाही. दोन, १९८८ मध्ये कागद पुन्हा लिहिला तेव्हा तो अडाणी पोरगा नव्हता. उत्तम वकील सोबत होते आणि मोबदला भरपूर वाढला होता. आणि तिसरं कारण मला सगळ्यात बोलकं वाटतं. कुरबूर सुरू झाल्यानंतरही करारातली एक मोठी आगाऊ रक्कम त्याने मागून घेतली होती. कायद्याच्या नजरेत याचा अर्थ, करार तुला मान्य आहे. ज्या उचलीपासून सुरुवात झाली, तीच पुन्हा मध्ये आली.

या खटल्यात त्याचे लाखो पौंड गेले. तरीही तो सोनीसाठी गायला नाही. हीच मेख आहे. कोर्ट तुम्हाला दुसऱ्याकडे गाण्यापासून रोखू शकतं, पण मालकासाठी गळ्यातून सूर काढायला लावू शकत नाही. आणि न गाणारा गायक बांधून ठेवून सोनीला मिळणार काय? १९९५ मध्ये दुसऱ्या दोन कंपन्यांनी, अमेरिकेसाठी ड्रीमवर्क्सने आणि उरलेल्या जगासाठी व्हर्जिनने, सोनीला पैसे मोजून त्याला सोडवून घेतलं. ही रक्कम चार कोटी डॉलर असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. शिवाय त्याच्या पुढच्या विक्रीतही सोनीने टक्का राखला. पुढच्या वर्षी 'ओल्डर' आला. त्यातलं 'जीझस टू अ चाइल्ड' अन्सेल्मोसाठी होतं, आणि त्या गाण्याची रॉयल्टी त्याने चाइल्डलाइन या मुलांच्या मदतसेवेला दिली होती. हे लोकांना कळलं ते तो गेल्यावर.

पुढचं बरंचसं वर्तमानपत्रांत आलेलं आहे. १९९७ मध्ये आई गेली. १९९८ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या बागेत अटक झाली आणि मग आपण समलिंगी आहोत हे त्याने जाहीर केलं, शिवाय त्या अटकेवरच गाणं करून पोलिसांची रेवडी उडवली. २००६ मध्ये, आईची शुश्रूषा केलेल्या परिचारिकांची आठवण ठेवून, त्याने लंडनमध्ये फक्त परिचारिकांसाठी फुकट कार्यक्रम केला. अमली पदार्थ, गाडीचे अपघात, २०१० मध्ये काही आठवडे तुरुंग. आणि २००४ चा 'पेशन्स' हा अल्बम त्याने कुणाकडून काढला? सोनीकडून. स्वतःहून, नव्या अटींवर.

आपल्याकडे हा सगळा झगडा वेगळ्या वाटेने झाला. हिंदी आणि मराठी चित्रपटांत एकदा पैसे देऊन गाणं निर्मात्याचं करून टाकायची रीत होती, शेत आणि पीक दोन्ही एका सहीत जायचं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा असा बांधला गेला की त्यांनी स्वतः सही केली तरी तो देऊन टाकता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. तुमच्या ओळखीत कुणी नवा संगीतकार असेल, तर त्याला एवढंच विचारा की सही कशावर करतोयस, शेतावर की पिकावर?

जॉर्ज मायकल २५ डिसेंबर २०१६ रोजी, नाताळच्या दिवशी, टेम्सकाठच्या गोरिंग गावातल्या घरी हृदयविकाराने गेला. वय ५३. त्या दिवशी इंग्लंडभर त्याचंच 'लास्ट ख्रिसमस' वाजत होतं. हे गाणं १९८४ मध्ये जॉर्जच्या आईवडिलांच्या घरी झालं. दोघे मित्र जेवून टीव्हीसमोर लोळले होते, मध्येच जॉर्ज वर आपल्या जुन्या खोलीत गेला आणि तासाभराने चाल घेऊनच खाली आला. स्टुडिओतही ड्रम मशीन, सिंथेसायझर, घुंगरं सगळं त्याने एकट्याने वाजवलं. अँड्र्यूने त्यात एकही सूर लावलेला नाही. त्या वर्षी 'बँड एड'च्या, म्हणजे दुष्काळग्रस्तांसाठी अनेक गायकांनी मिळून गायलेल्या, गाण्यामुळे ते दुसऱ्या क्रमांकावर राहिलं, आणि गंमत म्हणजे त्या गाण्यातही जॉर्जचा आवाज होता. 'लास्ट ख्रिसमस'ची तेव्हाची रॉयल्टी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांना गेली.

२०२३ च्या नाताळात, एकोणचाळीस वर्षांनी, ते ब्रिटनमध्ये नाताळच्या आठवड्यातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं ठरलं, आणि २०२४ मध्ये पुन्हा. गाणं रचणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव आहे, जॉर्ज मायकल. रेकॉर्डवर नाव आहे 'व्हॅम!', म्हणजे दोघांचं. पहिल्या क्रमांकाचं मानचिन्ह घ्यायला गेला अँड्र्यू.